जाहिरात लागली, आवाज वाढव

शिलाईचं मशीन आणि टीव्ही एकाच खोलीत असले की माणसाचं डोकं फिरायला वेळ लागत नाही. आमचं वडवणीचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीपाशी माझं मशीन, कारण उजेड तिथंच. समोरच्या भिंतीवर टीव्ही, कारण पक्का खिळा तिथंच बसला. आणि दोन्हीच्या मधे, पलंगावर, पाय लांब करून माझी सासू. तिला मी आत्या म्हणते.

आत्यांचा सगळा जन्म ऊसतोडीत गेला. दिवाळी झाली की जोडीनं कोयता घेऊन कारखान्यावर जायचं आणि उन्हाळा सरता सरता परत यायचं. मामा, म्हणजे माझे सासरे, गेले, त्याच्या आगेमागे आत्यांच्या गुडघ्यांनीही हात टेकले. आमच्या ह्यांचं स्टँडजवळ वेल्डिंगचं दुकान आहे. ते म्हणाले, "बास झालं आता. घरी बसून टीव्ही बघ." आत्यांनी ते मनावर घेतलं. हे दुकानात आणि लेकरं शाळेला गेली की घरात आम्ही दोघी आणि टीव्ही.

टीव्हीवर आत्यांना केबलवाल्याचं गावातलंच चॅनल लागायचं. त्यावर दिवसभर जुने मराठी सिनेमे. सिनेमाबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण सिनेमा जरा रंगात आला की जाहिराती. कुठली खताची, कुठली तेलाची, पण त्या सगळ्यांत एक जाहिरात अशी, की तिनं माझा जीव नकोसा केला. माजलगावच्या एका कापड दुकानाची. पिवळ्या रंगावर लालभडक अक्षरं. एक बाई सनईच्या वरताण आवाजात ओरडायची, आणि ती जो शब्द म्हणेल तो शब्द टीव्हीच्या कोपऱ्यातून उडी मारून धाडकन मधोमध येऊन बसायचा.

"लग्नाचा बस्ता बांधायचाय? मग फिरता कशाला? या! पाहा! खात्री करा! आमची कोठेही शाखा नाही!"

एवढं झालं की संपलं असं नाही. लगेच दुसऱ्यांदा तीच. मग तेलाची एक, आणि परत हीच. सिनेमातल्या नायिकेला सापानं दंश केला, तिचा जीव वर-खाली होतोय, आणि मधेच ही बाई, "या! पाहा!" ऊन, पाऊस, सुतक, सणवार, कशाचंच तिला काही नव्हतं.

ती जाहिरात माझ्या अंगात भिनली. मशीनवर पाय मारताना त्याच ठेक्यात मारायला लागले. एकदा ब्लाऊजचं माप घेताना गिऱ्हाइकीण म्हणाली, "बाही जरा सैल ठेवा." मी म्हणाले, "खात्री करा." तिला वाटलं मी तिच्यावर रागावले. एकदा जेवायला उशीर झाला म्हणून आमचे हे कुरकुरायला लागले. मी चिडून म्हणाले, "थांबवत नसंल तर बघा दुसरीकडं." तर हे ताट पुढं ओढत म्हणतात कसे, "दुसरीकडं कुठं बघू? तुझी कोठेही शाखा नाही."

शेवटी मी रिमोट माझ्याकडं घेतला. कापडाच्या ढिगाखाली ठेवायचा आणि पिवळा रंग दिसला रे दिसला की आवाज बंद. काय शांतता वाटायची! पण ती शांतता आत्यांना सोसेना.

"आवाज कावून बंद केलास?"

"आत्या, जाहिरात हाय ती."

"मग? जाहिरातीलाच तर आवाज पायजे. सिनेमाचा कर की बंद."

मला वाटलं चेष्टा करतात. पण नाही. मी आवाज वाढवला नाही तर त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या. चहा ठेवला, त्यावर साय धरली, तरी हात लावला नाही. अशा पुष्कळ दुपारी गेल्या. मी आवाज बंद करायची आणि त्या रुसायच्या. मी रिमोट लपवायची आणि त्या गुडघे धरत उठून टीव्हीचंच बटण दाबून आवाज वाढवायच्या. शेजारीपाजारी म्हणायला लागले, सासू-सुनेचं बिनसलंय. कशावरून, ते सांगायची मला लाज वाटायची.

एक गोष्ट मात्र मी पाहत होते. सिनेमा चालू असताना आत्या डुलक्या घ्यायच्या आणि जाहिरात लागली की ताठ बसायच्या. ओठ हलायचे. उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर फिरत राहायचं. मला वाटायचं, गुडघा दुखतोय, चोळत असतील.

मी ब्लाऊज बेतते ते जुन्या वर्तमानपत्रावर. पाठ, बाह्या, पुढचे भाग, सगळं आधी कागदावर कापायचं आणि मग कापडावर ठेवायचं. एकदा दुपारी असाच पाठीचा कागद कापून मी पलंगाच्या कडेला ठेवला होता. आत्यांनी तो उचलला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. मग म्हणाल्या,

"ह्या पाठीवर 'खात्री' लिवलंय का?"

मी मशीन थांबवलं. "काय म्हणलात?"

"ह्ये बघ. ह्ये 'खात्री' हाय न?"

मी कागद हातात घेतला. कुठल्याशा बातमीचं शीर्षक अर्धंमुर्धं राहिलं होतं. बाकीचे शब्द कापले गेले होते, माझ्या कात्रीतून 'खात्री' तेवढी वाचली होती. अगदी तिथंच आत्यांचं बोट होतं.

आत्यांना अक्षर येत नव्हतं. त्या लहान असताना शाळेची वाट कुणी दाखवली नाही. पुढं गावात बायकांसाठी वाचायला शिकवायचे वर्ग निघाले तेव्हा त्यांना पाटी मिळाली होती, पण तेवढ्यात मुकादमाचा ट्रक दारात उभा राहिला. पाटी घरी राहिली आणि आत्या कारखान्यावर गेल्या. हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

"आत्या, तुमाला कसं कळलं?"

त्या जरा लाजल्या. मग पदर सावरून, गुन्हा कबूल करावा तशा हळू आवाजात सांगायला लागल्या.

"ती बाई रोज त्येच बोलती. आन् ती बोलती तवा त्येच समोर येऊन पडतंय. आधी म्या नुसती बघायची. मंग एक दिस ध्यानात आलं, 'या' म्हनती तवा येकलंच अक्षर येतंय. म्हनलं, हा 'या' असनार. मंग शेवटाला बघ, 'कोठेही' आन् 'नाही'. दोनीचं शेपूट सारखंच हाय. म्हनलं, ही 'ही' असनार. आन् 'शाखा'तला 'खा' हाय न, त्योच 'खात्री'त पुढं येऊन बसलाय."

पुढं त्या जे बोलल्या ते ऐकून तर मी कापडावरची टाचणी हातात धरून तशीच उभी राहिले.

"आन् ती काठी हाय न उभी, ती ज्या अक्षराम्होरं असती, तिथं तोंड उघडतंय. या. हा. खा. रा. ना. तू म्हनून बघ. तोंड मिटून म्हनता येत न्हाई."

मी म्हणून बघितलं. खरंच तोंड मिटून म्हणता येत नव्हतं. काना म्हणजे काय हे मला शाळेत कुणी असं सांगितलं नव्हतं.

"मंग तू आवाज बंद करायचीस," आत्या म्हणाल्या. "आवाज न्हाई तर मला कसं कळावं कंचं काय हाय?"

ढिगाखालून मी रिमोट काढला आणि त्यांच्या हातात दिला. पिवळा रंग दिसला तसं त्यांनी बटण दाबलं. सनई, बाई, उड्या मारणारी अक्षरं. त्या दिवशी पहिल्यांदा मी ती जाहिरात पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. प्रत्येक शब्द येऊन पडायच्या आधीच आत्या तो म्हणत होत्या.

मी लेकराचं पहिलीचं जुनं पुस्तक शोधून काढलं. म्हटलं, आता रीतीनं शिकवावं. पहिल्या पानावर अननसाचं चित्र होतं.

"ह्ये काय हाय?" आत्यांनी विचारलं.

"अननस."

"म्या कदी खाल्ला न्हाई," असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं. "जाहिरातीतलं बरं. त्येचं समदं वळखीचं हाय."

मग आम्ही जाहिरातींवरच शिकलो. गुडघेदुखीच्या तेलानं आम्हाला घ, ड आणि द दिले. सरकी ढेपेच्या जाहिरातीत ढ सापडला. ठिबकच्या नळ्या विकणाऱ्यानं ठ आणि ब पक्के केले. जिच्यावर मी इतके दिवस दात खाल्ले होते ती प्रत्येक जाहिरात आता मी वाट बघून बघायची. नवीन जाहिरात लागली की आतल्या खोलीतून मी ओरडायची, "आत्या, नवी आली!" आणि आत्या ओरडायच्या, "आवाज वाढव!" झ मात्र काही केल्या मिळेना. सगळ्या जाहिराती धुंडाळल्या, कुणाला झ लागतच नव्हता. दसऱ्याच्या तोंडावर एका फुलवाल्यानं झेंडूच्या फुलांची जाहिरात दिली, तेव्हा आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. दारात माप द्यायला आलेली बाई आत न येता तशीच उभी राहिली.

त्याच सुमारास एक घोटाळा झाला. कापड दुकानाची जाहिरात बंद पडली. लगीनसराई सरून बरेच महिने झाले होते, दुकानदारानं कशाला चालू ठेवावी? आत्यांचा जोडाक्षरांचा अभ्यास तिथंच चालला होता. 'लग्नाचा'तला ग्न आणि 'बस्ता'तला स्त त्यांना नुकते कुठं उमगायला लागले होते. दोन दिवस वाट बघितली, तिसऱ्या दिवशी त्यांचं तोंड उतरलं. मी केबलवाल्याला फोन लावला.

"दादा, ती माजलगावच्या कापड दुकानाची जाहिरात कावून बंद केली?"

त्यानं दुकानाचं नाव परत विचारून घेतलं. मग म्हणाला, "ताई, जाहिरात बंद करा म्हणून शिव्या घालणारे मला रोज भेटतेत. लावा म्हणणाऱ्या तुमी पहिल्याच."

"आमच्या घरात शाळा चालू हाय तिच्यावर."

काय समजलं त्याला कुणास ठाऊक. "बरं बरं," म्हणाला, "दुपारची जागा रिकामीच हाय, लावतो." आणि त्यानं खरंच लावली. दुपारचा सिनेमा थांबला, पिवळा रंग आला, आत्या पलंगावर सावरून बसल्या. सगळ्या वडवणीत त्या क्षणी जाहिरात बघून खूश झालेलं आमचं एकच घर असेल.

तुळशीचं लग्न लागलं आणि आमच्या नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. नवरीची पिवळी साडी मामाकडची, म्हणजे आमच्या घरची. हे म्हणाले, इथंच वडवणीत घेऊ. आत्या म्हणाल्या, "न्हाई. माजलगावला त्याच दुकानात जायचं. त्यो रोज 'या, या' म्हनतोय. किती दिस न्हाई म्हनावं मानसानं?"

ह्यांना दुकान बंद ठेवता येईना, म्हणून आम्ही दोघीच निघालो. स्टँडवर गाडी लागली. तिथं एक म्हातारी बाई गाठोडं घेऊन उभी होती. तिनं मला विचारलं, "बाई, ही कुठली गाडी गं?" मी तोंड उघडायच्या आत आत्यांनी वर बघितलं, ओठ हलवले आणि सांगितलं, "माजलगाव. बस, बस. आमी बी तिकडंच निघालोत." गाडीत बसल्यावर त्या खिडकीबाहेर तोंड करून बसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी कितीजणांना "ही कुठली गाडी" म्हणून विचारलं असेल! आज त्यांना कुणीतरी विचारलं होतं, आणि त्यांनी सांगितलं होतं. माझ्याकडं वळून त्या म्हणाल्या, "बराबर सांगितलं न म्या?" मी म्हणाले, "एकदम बराबर." वाटेत गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली तरी त्यांना घाई नव्हती. त्या ट्रॉलीवर मागं काय लिहिलंय ते लावत बसल्या होत्या.

दुकानात पांढऱ्या गाद्या घातलेल्या, नवऱ्या, वरमाया, गठ्ठेच्या गठ्ठे साड्या. आम्ही पिवळी साडी निवडली. काठ बघितला, पदर बघितला. साडी घडी घालणाऱ्या पोऱ्यापेक्षा गल्ल्यावर बसलेला मालक आमच्या जास्त जवळ होता. आमचं गाव ऐकून त्यानं सहज विचारलं, "आजी, वडवणीहून इतक्या लांब आलात?"

"तुमची जाहिरात बघून आले," आत्या म्हणाल्या. "तुमच्या जाहिरातीनं मला वाचाया शिकवलं."

मालक हसला. "आजी, चेष्टा करता व्हय माझी?"

आत्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उठल्या. गल्ल्याच्या वर एक पाटी टांगलेली होती. तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मान वर केली. जाहिरातीतले शब्द वेगळे, तिथं बाई आधी बोलते. इथं बोलायला कुणी नव्हतं. पाटी आत्यांनी जन्मात पाहिलेली नव्हती.

"वि... क... ले... ला," आत्या म्हणाल्या. "विकलेला." जरा थांबून, "मा... ल. विकलेला माल."

साड्या बघणाऱ्या बायकांच्या माना वळल्या. घडी घालणारा पोरगा हातातली साडी तशीच धरून राहिला.

"प... र... त. परत. घे... त... ला. घेतला. जा... णा... र." शेवटचा शब्द त्यांनी पाटीकडं न बघताच म्हटला. तो त्यांना कधीचाच येत होता. "नाही."

मालक खुर्चीतून अर्धा उठलेला. मला वाटलं, आता सगळे टाळ्या वाजवतील. पण आत्यांचं काम संपलं नव्हतं. वाचलेलं सगळं एकदा मनात जुळवून झालं, तशा त्या मालकाकडं वळल्या. कपाळाला आठी.

"कावून? परत कावून घेनार न्हाई? पोरीला रंग आवडला न्हाई तर?"

सगळं दुकान हसलं. वरमाया तोंडाला पदर लावून हसल्या, मालक तर खुर्चीत मागं पडून हसला. मग उठून त्यानं हात जोडले. "तुमचा घेतो, आजी. तुमी कवाबी परत आणा." पोराला चहा सांगितला. आम्ही आत आलो तेव्हा ज्या बाईनं सरकून जागा दिली नव्हती तिनं आत्यांना आपल्या शेजारी गादीवर बसवलं आणि विचारलं, "खरंच नुसतं टीव्ही बघून?" आत्या म्हणाल्या, "नुसतं बघून न्हाई. ऐकून. आवाज वाढवावा लागतो," आणि चहाची बशी हातात घेऊन त्या सगळ्यांना काठीची गोष्ट सांगायला लागल्या. बायका एकेक करून तोंड उघडून "या, हा, खा" म्हणून बघत होत्या.

निघताना मालक म्हणाला, "आजी, पुढच्या जाहिरातीत तुमीच येता का? तुमी बोला, मी शूटिंग करतो."

आत्यांनी माझ्याकडं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. "नगं बा. मंग सून माझा बी आवाज बंद करील."

संध्याकाळच्या आत आम्ही वडवणीला उतरलो. स्टँडपासून आमचं घर काही लांब नाही. एरवी मी पाय उचलून चालते आणि आत्या मागून "जरा दमानं" म्हणत येतात. त्या दिवशी मात्र मीच पिशव्या घेऊन पुढं जायची, मागं वळून बघायची, तर आत्या कुठल्यातरी पाटीसमोर उभ्या. चहाची टपरी वाचली. पंक्चरवाला वाचला. औषधाच्या दुकानाची पाटी इंग्रजीत होती, तिच्याकडं त्यांनी नाराजीनं बघितलं आणि पुढं निघाल्या. ह्यांच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर आल्या, वरची पाटी वाचली आणि आत डोकावून म्हणाल्या, "'गेट' मधी मात्रा पुसलीय बघ तुजी. नवी काढ." आमच्या ह्यांच्या हातातलं काम तसंच राहिलं. ते आईकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. मी नुसती मान हलवली.

चौकात कुठल्यातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर लागला होता, घरावर घर चढवावं एवढा मोठा. आत्या त्याच्यासमोर थांबल्या. 'वाढदिवसाच्या' सहज निघालं. ढेपेचा ढ कामाला आला. 'हार्दिक'पाशी अडल्या.

"ह्या 'दि'च्या डोक्यावर काय बसलंय?"

"तो र हाय, आत्या. अर्धा र. आधी तो म्हणायचा."

"डोस्क्यावर बसलाय आन् आधी म्हनायचा? हा... र्दि... क. हार्दिक." त्यांनी मान डोलावली. मग पुढचा शब्द. "शु... भे..." आणि गाडी थांबली. च्छा. एकाला एक चिकटलेली, वेटोळं घातलेली अक्षरं. असलं काही तेलाच्या, ढेपेच्या, कुठल्याच जाहिरातीत आलं नव्हतं.

"सांगू का?" मी म्हणाले.

"सांगू नगंस."

चौकात रहदारी वाढली होती. एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत बाजूनं गेला, "आजी, सरका की!" आत्या सरकल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून, मान वर करून, त्या त्या अक्षराकडं अशा बघत होत्या, जसं एखादं अवजड मोळीचं ओझं डोक्यावर घ्यायच्या आधी माणूस बघतं. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, बोटं दुखायला लागली होती. पण मला तिथून हलायचं नव्हतं. त्यांचे ओठ हलले, थांबले, परत हलले. बोट हवेत एकदा वळलं.

"शु... भे... च्... छा," त्या म्हणाल्या. मग एकदम, चौकाच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात, "शुभेच्छा!"

टपरीवरचे लोक वळून बघायला लागले. कोपऱ्यावरच्या एकानं काही न कळून हात वर केला आणि म्हणाला, "तुमाला बी, आजी!"